रशियन शिकायचीय? मग इंग्रजी आधी बाजूला ठेवा

रशियनच्या वर्गाचा पहिलाच आठवडा होता. सरांनी फळ्यावर आधी इंग्रजीत लिहिलं, 'आय हॅव अ बुक'. त्याखाली त्याचं रशियन लिहिलं आणि म्हणाले, "आता गंमत बघा. हे लोक 'हॅव' म्हणतच नाहीत. 'माझ्यापाशी आहे पुस्तक' असं काहीतरी उलटं बोलतात. पाठ करावं लागेल, इलाज नाही." वर्ग हसला. मीही हसले आणि वहीत लिहून घेतलं : विचित्र रचना, पाठ करणे.

परत जाताना बसमध्ये कंडक्टरला शंभरची नोट दिली. तो वैतागून म्हणाला, "सुट्टे आहेत का तुमच्याकडे?"

मी तिकीट घ्यायचंच विसरले. सुट्टे आहेत का तुमच्याकडे! हा माणूस रशियन बोलत होता. शब्द मराठी होते, पण वाक्याचा सांगाडा तोच होता. 'उ मिन्या येस्त् क्नीगा' म्हणजे 'माझ्याकडे आहे पुस्तक'. यात उलटं काय आहे? उलटं तर इंग्रजीचं आहे. जन्मापासून मी 'माझ्याकडे पुस्तक आहे' म्हणतेय. मग पुण्यात बसून, मराठी बोलणाऱ्या पोरांना, मराठी बोलणारे सर ही रचना विचित्र आहे असं कुणाच्या वतीने सांगत होते?

हा लेख त्या प्रश्नाबद्दल आहे. सरांबद्दल नाही. ते मनापासून शिकवायचे आणि त्यांनाही कुणीतरी तसंच शिकवलं असणार. माझं भांडण एका सवयीशी आहे. पुण्यात जगातली कुठलीही भाषा शिकायची तर आधी इंग्रजीच्या दारातून आत जायचं, ही ती सवय. रशियनच्या बाबतीत ती नुसती अनावश्यक नाही, तर नुकसान करणारी आहे. आणि नुकसान कुणाचं होतं तेही ठरलेलं आहे.

आमच्या वर्गात एक मुलगी होती. आंबेगाव तालुक्यातल्या मराठी शाळेत शिकलेली. मी जुन्नरची, त्यामुळे आमची लगेच गट्टी जमली. व्याकरणात ती माझ्यापेक्षा पक्की होती. समास, प्रयोग, विभक्ती सगळं तोंडावर. तिसऱ्या आठवड्यात फळ्यावर 'नॉमिनेटिव्ह, जेनिटिव्ह, डेटिव्ह, अक्युझेटिव्ह' अशी रांग लागली. तिने शेजारून हळूच विचारलं, "म्हणजे काय गं?" मलाही कळलं नव्हतं. सर इंग्रजीत समजावत राहिले. डायरेक्ट ऑब्जेक्ट, इनडायरेक्ट ऑब्जेक्ट. महिना संपायच्या आत तिने येणं बंद केलं. फोन केला तर म्हणाली, "माझं इंग्रजी कच्चं आहे. मला भाषा जमत नाहीत."

या दोन वाक्यांचा एकमेकांशी काय संबंध आहे? काहीच नाही. पण पुण्यात शेकडो मुलंमुली ही दोन वाक्यं एका दमात म्हणतात. ती मुलगी अडली ती रशियनला नाही. द्वितीया, चतुर्थी, षष्ठी या तिच्या ओळखीच्या बायका इंग्रजी नावं घेऊन समोर उभ्या राहिल्या आणि कुणीच तिची त्यांच्याशी ओळख करून दिली नाही.

आता मुद्द्याची गोष्ट. रशियन अवघड असते, हे आपण कुठे ऐकलं? इंटरनेटवर ज्या याद्या फिरतात त्यातली सगळ्यात प्रसिद्ध यादी अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याच्या 'फॉरेन सर्व्हिस इन्स्टिट्यूट'ची आहे. तिथे अमेरिकन अधिकाऱ्यांना परकीय भाषा शिकवतात. रशियनसाठी ते सुमारे ४४ आठवडे आणि ११०० तास धरतात, म्हणजे स्पॅनिश-फ्रेंचपेक्षा पुष्कळ जास्त. झालं, रशियन 'अवघड' ठरली. पण त्याच यादीत, त्याच गटात आणखी एक भाषा आहे : हिंदी. टीव्हीवर कार्टून बघत बघत आपण जी उचलली ती. त्या यादीच्या हिशेबाने हिंदी रशियनइतकीच अवघड आहे, कारण ती पट्टी इंग्रजी मातृभाषा असलेल्या माणसासाठी बनवलेली आहे. आपण मात्र ती पट्टी स्वतःला लावून घेतो आणि उंची कमी भरली म्हणून घरी बसतो.

आपली पट्टी लावून बघू. इथे रशियन शब्द मी देवनागरीत लिहिणार आहे. ते फक्त कानाला अंदाज यावा म्हणून, लिपीबद्दल पुढे बोलूच.

'मला थंडी वाजतेय.' इंग्रजीत 'मी थंड आहे' अशा थाटाचं वाक्य करावं लागतं. रशियनमध्ये 'म्न्ये खोलद्ना', म्हणजे 'मला थंड'. 'मला हे पुस्तक आवडतं' याचं रशियन 'म्न्ये न्रावित्सा एता क्नीगा'. 'म्न्ये' म्हणजे 'मला', आणि आवडणाऱ्या क्रियापदाचा कर्ता पुस्तकच, मी नाही. वय सांगतानाही 'म्न्ये द्वात्सत् ल्येत', म्हणजे 'मला वीस वर्षं'. आपली आजी 'मला सत्तरावं लागलं' म्हणते तेव्हा तीही हीच चतुर्थी वापरते. इंग्रजीतून शिकवताना यावर एक अख्खा धडा खर्ची पडतो आणि शेवटी 'हे लोक असंच बोलतात' असं सांगून सुटका करून घ्यावी लागते. मराठीतून तो धडा दोन मिनिटांचा आहे : आपण जिथे 'मला' म्हणतो, तिथे बहुतेक वेळा तेही 'मला'च म्हणतात.

'हा माझा भाऊ.' रशियनमध्ये 'एता मोय ब्रात'. 'आहे' लागत नाही. 'अ' आणि 'द' तर आपल्याकडेही नाहीत आणि त्यांच्याकडेही नाहीत. माझा, माझी, माझं याला मोय, माया, मायो. तो, ती, ते याला ओन, अना, अनो. तू आणि तुम्ही हा भेद जसाच्या तसा आहे : ति आणि वि. आईशी 'तू', अनोळखी माणसाशी 'तुम्ही', आणि चुकून उलट झालं तर समोरच्याच्या कपाळाला आठी. तीन लिंगं आहेत म्हटल्यावर इंग्रजीतून शिकणारा गडबडतो. आपण गडबडायचं काय कारण? उलट रशियन लिंग आपल्यापेक्षा शहाणं आहे. बहुतेक शब्दांचा शेवट ऐकला की लिंग कळतं. आपल्याकडे ती खुर्ची, तो फळा आणि ते टेबल का, हे पाणिनीलाही विचारून उपयोग नाही.

भूतकाळात क्रियापद लिंगाप्रमाणे बदलतं. 'ओन चिताल' म्हणजे तो वाचत होता आणि 'अना चिताला' म्हणजे ती वाचत होती. इंग्रजीत 'आय वॉज रीडिंग' म्हणून मला माझं बाईपण लपवता येतं. मराठीत येत नाही, रशियनमध्येही येत नाही.

अजून एक. 'मी टेबल बघते' म्हणतो, पण 'मी भावाला बघते' म्हणतो. टेबलाला 'ला' नाही, भावाला आहे. निर्जीव कर्म तसंच राहतं, सजीव कर्माला प्रत्यय लागतो. रशियनमध्ये टेबल म्हणजे 'स्तोल'. 'या वीझू स्तोल' म्हणजे मला टेबल दिसतं. पण 'ब्रात' दिसला की तो 'ब्राता' होतो : 'या वीझू ब्राता'. पुल्लिंगी शब्दांतला हा सजीव-निर्जीव भेद इंग्रजी पुस्तकांत स्वतंत्र चौकटीत, उद्गारचिन्हासकट येतो. मराठी माणूस तो रोज नकळत पाळतो.

विभक्ती तर आपला घरचाच मामला आहे. आपल्या शाळेने संबोधन धरून आठ विभक्ती पाठ करून घेतल्या, रशियनमध्ये सहा आहेत. 'चाकूने' या एका शब्दासाठी इंग्रजीला दोन-तीन शब्द लागतात. आपण 'ने' लावतो, रशियन माणूस शब्दाचा शेवट बदलतो. तिथल्या चतुर्थीचं नाव 'दातेल्नी' आहे, म्हणजे देण्याची विभक्ती. दा, दाता, दान. संस्कृतच्या तासाला कंटाळून बाकावर रेघोट्या मारणाऱ्यालाही हे नाव ऐकून काहीतरी आठवेल.

शब्दांचं नातंही जुनं आहे. द्वार म्हणजे द्व्येर, अग्नी म्हणजे अगोन्, मधु म्हणजे म्योद, नभ म्हणजे न्येबा, मांस म्हणजे म्यासा, विधवा म्हणजे व्दवा. पण मला सगळ्यात आवडलं ते त्यांचं सासर. इंग्रजीत 'ब्रदर इन लॉ' म्हटलं की दीर, मेहुणा, नणंदेचा नवरा सगळे एकाच पोत्यात जातात. रशियनमध्ये दिराला वेगळा शब्द आहे, द्येविर. तो आपल्या 'देवर'चा सख्खा भाऊ आहे. सासरा म्हणजे श्वशुर, त्यांचा स्व्योकर. सून म्हणजे स्नुषा, त्यांची स्नखा. नणंदेला वेगळा शब्द, मेहुण्याला वेगळा. ही नाती इंग्रजीतून समजावायची म्हणजे भरलेलं घर आधी रिकामं करायचं आणि मग एकेक भांडं परत आणून लावायचं.

उच्चारातही आपल्याकडे एक मोठं भांडवल आहे. मराठीत 'च' दोन आहेत. 'चार'मधला वेगळा आणि 'चमचा'मधला वेगळा. रशियनमध्ये या दोन्ही आवाजांना दोन वेगळी अक्षरं आहेत. 'चमचा'तला आवाज शब्दाच्या सुरुवातीला काढताना इंग्रजीभाषक अडखळतो. आपण दिवसातून शंभर वेळा तो काढतो.

हे सगळं सांगून मी रशियन सोपी आहे असं म्हणत नाहीये. तसं म्हणणाऱ्यांपासूनही सावध राहा, विशेषतः ते तीन महिन्यांच्या कोर्सची जाहिरात करत असतील तर. रशियन कठीण आहेच. पण ती आपल्याला जिथे कठीण आहे, त्या जागा वेगळ्या आहेत, आणि इंग्रजीतून शिकवताना नेमक्या त्याच जागांकडे दुर्लक्ष होतं.

पहिली जागा म्हणजे आपला कर्मणी प्रयोग. 'मी पोळी खाल्ली' म्हणताना क्रियापद पोळीच्या मागे जातं. मुलगा म्हणो की मुलगी, 'खाल्ली'च. रशियनमध्ये क्रियापद खाणाऱ्याच्या मागे जातं, पोळीच्या नाही. तिथे आपली जीभ घसरते. मी कित्येक महिने घसरत होते आणि का घसरतेय हे कुठल्याच इंग्रजी पुस्तकात लिहिलेलं नव्हतं. लिहिणार कसं? इंग्रजीत ही भानगडच नाही.

दुसरी जागा : आपल्याकडे 'आ'ने संपणारे आंबा, फळा, मुलगा बहुधा पुल्लिंगी. त्यांच्याकडे 'आ'ने संपणारे शब्द बहुधा स्त्रीलिंगी. क्नीगा 'ती' आहे. कान उलटा फिरवावा लागतो.

तिसरी जागा आघाताची. मराठीत शब्दाच्या कुठल्या अक्षरावर जोर दिला यावरून अर्थ बदलत नाही. रशियनमध्ये जोर हलला की शब्द बदलू शकतो, आणि जोर नसलेला 'ओ' तर 'अ'सारखा ऐकू येतो. लिहिताना 'मोलोको', म्हणताना 'मलाको', अर्थ दूध. त्यामुळे शब्द नुसता वाचून पाठ करायचा नाही, आधी ऐकायचा.

चौथी जागा क्रियापदांच्या जोड्या. 'मी पुस्तक वाचत होते' आणि 'मी पुस्तक वाचून काढलं' यात जो फरक आहे, साधारण तसाच फरक दाखवायला रशियन दोन वेगळी क्रियापदं वापरतं : चिताला आणि प्रचिताला. इथे मराठी पूर्ण साथ देत नाही, पण बोट धरून अर्ध्या रस्त्यापर्यंत सोडते. वाचलं, वाचून काढलं, वाचून टाकलं, वाचत बसले यातल्या छटा ज्याला कळतात, त्याला निदान प्रश्न काय आहे हे तरी कळतं. पाचव्या जागेला मात्र ती साथ सोडते. पायी जाणं वेगळं आणि वाहनाने जाणं वेगळं, अशी दोन क्रियापदं तिथे आहेत. तिथे आपण आणि इंग्रज सारखेच अनाथ.

आता लिपी. नवशिक्यांचा सगळ्यात मोठा घोटाळा इथे होतो, आणि त्यालाही इंग्रजीच जबाबदार आहे. रशियन लिपीत ३३ अक्षरं आहेत. बाराखडी आणि जोडाक्षरं गिरवलेल्या माणसाला ३३ म्हणजे किरकोळ. पण त्यातली काही अक्षरं रोमन अक्षरांसारखी दिसतात आणि आवाज वेगळाच देतात. 'पी'सारखं दिसतं ते 'र' असतं. 'एच'सारखं दिसतं ते 'न', 'सी'सारखं ते 'स', 'बी'सारखं ते 'व', 'वाय'सारखं ते 'उ'. 'रिस्तरान', म्हणजे रेस्टॉरंट, ही पाटी इंग्रजी डोळ्याने वाचली तर 'पेक्टोपाह' होते. मग लोक घाबरून रशियन शब्द रोमनमध्ये लिहून घेतात आणि सहा महिन्यांनीही त्यांना दुकानाची पाटी वाचता येत नाही. लिपी पहिल्या आठवड्यातच हाताने गिरवा, छापील आणि वळणदार दोन्ही. प्रत्येक अक्षरासमोर आवाज देवनागरीत लिहा. आठवड्याने ती देवनागरी खोडून टाका. कुबड्या घ्यायच्या तर आपल्या मापाच्या घ्या आणि वेळेवर टाका.

इथे कुणीतरी म्हणेल, हे सगळं ठीक, पण २०२० नंतरच्या पुण्यात रशियन शिकून करायचं काय? जर्मन शिकलं तर जर्मनी, जपानी शिकलं तर आयटीत नोकरी. रशियाचं तर युद्ध चालू आहे.

युद्धाबद्दल आधी. भाषा कुठल्याही सरकारच्या सातबाऱ्यावर नसते. रशियन ही कझाकस्तान आणि किर्गिझस्तानातही अधिकृत वापरातली भाषा आहे, आणि युद्धाच्या विरोधात बोलणारी पुष्कळ माणसंही रशियनमध्येच बोलतात. दोन्ही बाजू मूळ भाषेत ऐकता येणं हे युद्धाच्या काळात कमी उपयोगाचं नाही, जास्त उपयोगाचं आहे.

आणि उपयोगच विचारत असाल तर डॉक्टर व्हायला निघालेल्यांकडे बघा. महाराष्ट्रातली कितीतरी मुलंमुली वैद्यकीय शिक्षणासाठी रशिया, किर्गिझस्तान, कझाकस्तानला जातात. त्यांना पाठवणाऱ्या एजंटांच्या जाहिरातीत एक ओळ हमखास असते : संपूर्ण शिक्षण इंग्रजीतून, रशियन शिकायची गरज नाही. भारताच्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या २०२१च्या नियमांनुसार परदेशातला अभ्यासक्रम किमान ५४ महिन्यांचा आणि इंग्रजी माध्यमाचा हवा, आणि शिवाय त्याच संस्थेत १२ महिन्यांची इंटर्नशिप हवी. म्हणजे पुस्तक इंग्रजीत, हे खरं. पण पेशंट? वॉर्डातली आजी इंग्रजी माध्यमाची नसते. ती म्हणणार, 'उ मिन्या बलीत गलवा.' दुखतंय ते डोकं, आणि ते माझ्यापाशी. 'माझं डोकं दुखतंय' म्हणणाऱ्या लातूरच्या पोराला हे वाक्य एका दिवसात शिकवता आलं असतं. त्याला आपण सांगितलं, गरज नाही. मग तो आजीसमोर मुका उभा राहतो, केस हिस्ट्री घेऊ शकत नाही, आणि लाखो रुपये भरून अर्धंच शिक्षण घेऊन परत येतो. निघण्याआधीच्या चार महिन्यांत मराठीतून पायाभूत रशियन शिकवणं ही चैन नाही, ती त्याच्या पदवीची किंमत वसूल करण्याची गोष्ट आहे.

दुसरा आक्षेप जास्त रास्त आहे. पुण्याच्या वर्गात सगळे मराठी नसतात. केरळचा मुलगा असतो, बिहारची मुलगी असते. मग इंग्रजीशिवाय मार्ग काय? अहो, पण मल्याळममध्येही 'मला' आहे आणि हिंदीतही 'मुझे' आहे. भारतातल्या बहुतेक भाषा या बाबतीत रशियनच्या जवळ आणि इंग्रजीपासून लांब आहेत. वर्गाला एवढंच विचारा, 'मला थंडी वाजतेय' हे तुमच्या घरी कसं म्हणतात? पाच भाषांत पाच उत्तरं येतील आणि पाचही रशियनला इंग्रजीपेक्षा जवळची असतील. इंग्रजी सगळ्यांना सोयीची म्हणून वापरायची तर खुशाल वापरा. पण सोय म्हणून वापरा, मोजपट्टी म्हणून नको.

तिसरा आक्षेप : मराठीतून रशियन शिकायला साधनं कुठे आहेत? फोनवरची बहुतेक अ‍ॅप्स इंग्रजीतून शिकवतात, शब्दकोश इंग्रजीत. खरं आहे. आणि लाज वाटण्यासारखं आहे, कारण उलट्या दिशेने हा रस्ता कधीच बांधून झालाय. तात्याना कातेनिना यांचं मराठी भाषेवरचं पुस्तक रशियनमध्ये १९६३ सालीच मॉस्कोहून निघालं. इरिना ग्लुश्कोवा यांच्यासारख्या मॉस्कोतल्या अभ्यासक मराठी शिकून महाराष्ट्रातल्या विठ्ठलावर आणि वारीवर लिहीत आल्या. त्यांना आपल्यापर्यंत यायला लंडनमार्गे यावं लागलं नाही.

आपलंही एकेकाळी थेट दळणवळण होतं. सोव्हिएत काळात मॉस्कोतच छापलेली मराठी पुस्तकं इथे चार-दोन रुपयांत मिळायची. गुळगुळीत कागद, रंगीत चित्रं. आमच्या आधीच्या पिढीचं बालपण त्यावर गेलं. १९९१मध्ये सोव्हिएत संघ संपला आणि तो ओघ आटला. अण्णा भाऊ साठे १९६१ साली रशियाला जाऊन आले आणि त्यांनी 'माझा रशियाचा प्रवास' लिहिला. शाळेत जेमतेम दीड दिवस बसलेला हा माणूस. रशियन त्यांना येत नव्हती, दुभाषे सोबत होते. पण रशियाबद्दल बोलायला आधी इंग्रजी आली पाहिजे असं त्यांना कुणी सांगितलं असतं तर ते पुस्तक आपल्याला मिळालंच नसतं. २०२२मध्ये मॉस्कोत त्यांचा पुतळा उभा राहिला. आपण फोटो शेअर केले आणि विसरलो.

पुण्याकडे तर सगळं सामान आहे. फर्ग्युसन रस्त्यावरच्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये विद्यापीठाचा परकीय भाषांचा विभाग आहे, तिथे रशियन शिकवली जाते. या शहरात रशियन उत्तम जाणणारी आणि तितकीच उत्तम मराठी बोलणारी माणसं आहेत. मोरो केशव दामल्यांचं मराठी व्याकरण १९११पासून आपल्या कपाटात आहे. कमी आहे ती शंभर पानांच्या एका वहीची, जिच्यात डावीकडे मराठी वाक्य आणि उजवीकडे रशियन असेल आणि मधे इंग्रजी नसेल. ही वही विद्यापीठाने करावी, शिक्षकांनी करावी, किंवा पाच विद्यार्थ्यांनी मिळून करावी आणि पीडीएफ फुकट वाटावी. आणि वर्गात पहिलं सत्र तरी 'द्वितीया' हा शब्द 'अक्युझेटिव्ह'च्या आधी फळ्यावर यावा. मागणी एवढीच आहे.

तोपर्यंत तुम्ही थांबू नका. रशियन भाषेच्या अधिकृत परीक्षेच्या सगळ्यात खालच्या पायरीला सुमारे ७८० शब्द लागतात. रोज दहा धरले तर तीन महिन्यांच्या आतलं काम आहे. आज रात्री फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन रशियन कीबोर्ड चालू करा. अ‍ॅप वापरा, पण आवाजासाठी. त्याचं इंग्रजी भाषांतर वाचायच्या आधी स्वतःला विचारा, हे माझी आई कसं म्हणाली असती? वहीचे दोन रकाने करा. पहिली तीन वाक्यं लिहा : माझ्याकडे पुस्तक आहे, मला थंडी वाजतेय, हा माझा भाऊ. वाटेत 'पोळी खाल्ली'वर घसराल, तिथे लाल रेघ मारा. इंग्रजी शब्दकोश लागेल तेव्हा जरूर उघडा. तो नोकर म्हणून फार चांगला आहे.

मी जुन्नरची, म्हणून शेवटी आमच्या गावची एक गोष्ट. पंधराव्या शतकात त्वेर नावाच्या रशियन शहराचा एक व्यापारी, अफानासी निकितीन, समुद्रातून चौलला उतरला आणि घाट चढून जुन्नरला आला. पावसाळाभर तिथेच अडकला. विकायला आणलेला घोडा तिथल्या खानाने काढून घेतला, धर्म बदल म्हणाला. कुणीतरी मध्यस्थी केली आणि घोडा परत मिळाला. हे सगळं त्याने लिहून ठेवलं. त्याच्या रशियनमध्ये मधेच तुर्की, फारसी, अरबी शब्द येतात, बाजारात, सरायांत जे कानावर पडलं ते. रेवदंड्याला आज त्याचं स्मारक आहे. वास्को द गामा आला त्याच्या आधी हा माणूस आमच्या पुणे जिल्ह्यात पावसात भिजत बसला होता आणि लोकांशी बोलत होता. भारतात तेव्हा इंग्रजीचं नावही कुणी ऐकलेलं नव्हतं.

वर्ग सोडून गेलेल्या त्या मैत्रिणीला मी परवा हे सांगितलं. मग माझी दोन रकान्यांची वही तिच्याकडे दिली. तिने पहिलं पान वाचलं, 'म्न्ये खोलद्ना'वर बोट ठेवलं आणि म्हणाली, "अगं, ही तर चतुर्थी आहे!"

ते आम्हाला पहिल्याच दिवशी कुणीतरी सांगायला हवं होतं.